सायगावचं हॉटेल

चार मास्तर एका टेबलाभोवती जमले की शिकवणं सोडून सगळं सुचतं! आम्ही मलकापूरच्या शाळेतले चौघे रोज संध्याकाळी स्टेशनजवळच्या सुखदेवच्या हॉटेलात बसायचो. तिथले किस्से इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच तोंड घालतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि आमच्या बदल्यांचे हुकूम नागपूरहून यायचे. बदली टळावी असं वाटायला सुखदेवचं हॉटेल हे एक कारण पुरेसं होतं.

सुखदेव धामणगाव बढ्याचा. घरी न सांगता पलटणीत गेला, दुसरं महायुद्ध संपता संपता व्हिएतनाममधल्या सायगॉनला पोचला आणि येताना तिथला एक पदार्थ शिकून आला. तांदळाच्या शेवया, त्यावर कोंबडीचा पातळ, उकळता रस्सा, कोथिंबीर, मिरची, लिंबू. नाव 'फो'. त्याच्याच जोरावर गड्याने हॉटेल टाकलं.

तो पलटणीत असताना इकडे त्याची आई वारली. तेव्हापासून वडील, तुळशीरामजी, त्याच्याशी बोलत नव्हते. दर बाजाराला बैलगाडीने यायचे आणि समोरच्या चहावाल्याकडे बसायचे, सुखदेवच्या हॉटेलाकडे पाठ करून!

"सारं मलकापूर जेवून गेलं तरी काय उपेग, मास्तर?" सुखदेव म्हणायचा. "बाबानं एक घास खाल्ला पाह्यजे."

*

पेंटरला बोर्ड सांगितला होता 'सायगॉन हॉटेल'. त्याने रंगवला 'सायगाव हॉटेल'. सुखदेव भडकला, तर पेंटर म्हणतो, "शेगाव हाय, खामगाव हाय. गॉन कुठी असते का बे?"

बोर्ड तसाच राहिला. एकदा उंद्रीचा एक शेतकरी आला आणि खाता खाता त्याने विचारलं, "हे सायगाव कुठीसाक आलं?"

"लय दूर. समुद्राच्या पल्याड."

"हां हां! म्हंजे मेहकरच्या बी पल्याड!"

*

आमचे देशपांडे मास्तर इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे समजावून सांगायची खोड. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा वाटीकडे संशयाने बघत होता. मास्तर म्हणाले, "घाबरू नका, हे एक प्रकारचं सूप आहे."

"सूप? पाखडाचं?"

"नाही हो, प्यायचं!"

म्हाताऱ्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सुखदेवला हाक मारली. "काय नाव म्हने याचं?"

"फो."

"तरीच! नुसतं फो देल्लं तुनं. डणी कुठी हाय?"

सुखदेव आत गेला, तेलात लसूण-तिखट तडतडवून आणलं आणि वाटीत ओतलं. म्हाताऱ्याने वाटी चाटूनपुसून साफ केली. त्या दिवसापासून हॉटेलात दोन पदार्थ मिळू लागले, साधा फो आणि फोडणीचा फो. खरं सांगू? दुसराच जास्त खपायचा!

*

सुखदेवला वाटलं, सायगॉनसारखं काड्यांनी खायला द्यावं. त्याने बांबूच्या काड्या तासून टेबलावर ठेवल्या. नेमके त्या दिवशी आमचे हेडमास्तर आले. काड्यांकडे पाहिलं, मग आम्हा चौघांकडे पाहिलं.

"सुखदेव, हे चौघं शाळेत एवढ्या काड्या करतात, ते कमी पडलं का?"

*

एक सासरा आपल्या नव्या जावयाला मोठ्या हौसेने घेऊन आला. वाटीत शेवया दिसल्याबरोबर त्याचा चेहरा पडला.

"जावयाले अगोड शेवया? लोकं काय म्हंतीन!"

सुखदेव "अहो, थांबा जी" म्हणेपर्यंत त्याने समोरून दूध-गूळ मागवला आणि जावयाच्या कोंबडीच्या रश्श्यात कालवला! जावई बिचारा नवा. सासऱ्यासमोर नाही कसं म्हणणार? डोळे मिटून त्याने वाटी संपवली.

सासरा खूश. "आवडलं दिसते! आन रे आनखी एक!"

*

आता ते हॉटेल नाही, चौघांतला मी एकटाच उरलोय. कुठे कोथिंबीर-लिंबाचा वास आला की ते टेबल आठवतं आणि एक दिवस हमखास आठवतो.

तो बाजाराचा दिवस होता, थंडी मी म्हणत होती. समोरचा चहावाला लग्नाला गेलेला. तुळशीरामजी खोकत खोकत आले, बंद दुकानापाशी घटकाभर उभे राहिले आणि हॉटेलात आमच्या बाकावर येऊन बसले.

सुखदेवने फोची वाटी पुढे ठेवली. म्हाताऱ्याने आधी बोट बुडवून पाहिलं. मग शेवया खाल्ल्या, वाटी तोंडाला लावून रस्साही प्यायला.

"कोनं शिकवलं?" किती दिवसांनी लेकाशी बोलले!

"तिथं एक म्हातारी होती, बाबा. मी तापानं पडलो होतो. तिची बोली मले समजे ना, माही तिले. पन बरा होयेपर्यंत रोज वाटी आनून हातानं चारत होती."

"मंग निंगताना तिले लुगडं नेसवलं का?"

"नाही जी."

तुळशीरामजी उठले आणि बाजारात चालते झाले. सुखदेव रिकाम्या वाटीकडे बघत उभा राहिला. आम्हाला वाटलं, संपलं सगळं.

थोड्या वेळाने ते परत आले. काखेत हिरवं, लाल काठाचं नऊवारी लुगडं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं.

"एक माय गेली तवा तू नव्हता. हे दुसरीले धाड."