पावडर कुठं भिजली

गॅरेजात सगळे त्याला तोंडावर उस्ताद म्हणत आणि पाठ वळली की पावडर. गळती शोधायची त्याची रीतच तशी होती. इंजिन रॉकेलनं धुवायचं, हवा मारून कोरडं करायचं, वर अंगाला लावायची पांढरी पावडर शिंपडायची आणि इंजिन चालू करायचं. तेल जिथून निघतं तिथं पावडर आधी काळी पडते. खाली ओघळलेल्या तेलावर विश्वास ठेवणारा मेकॅनिक गाढव, असं तो म्हणे. गाढव हा शब्द त्याच्या तोंडी सदाचाच.

जावयानं तो सगळ्यांत जास्त ऐकला होता. हाताखाली शिकत असताना त्यानं एकदा चुकीची गळती सांगितली, तेव्हा उस्तादानं त्याचा तळहात तापलेल्या टर्बोला टेकवला. "आता विसरणार नाहीस," म्हणाला. तो विसरला नाही. पुढं उस्तादानं लेक त्यालाच दिली, गॅरेजही त्याच्याच हवाली केलं. लेक म्हणजे जीव की प्राण. लहानपणी ती धावत येऊन बिलगायची, तेव्हा हा दोन्ही हात वर धरून उभा राही. तिच्या फ्रॉकला कधी तेलाचा डाग लागू दिला नाही त्यानं.

मग नजर गेली. कडेचं दिसे, समोरचं पुसलं जाई. डॉक्टरांनी हात टेकले. कामगार मुद्दाम त्याच्या हातात भलताच पाना देत आणि तोंड दाबून हसत. जावई बघत असे, पण कुणाला रागवत नसे.

त्या दिवशी एक गाडी आली. टर्बोजवळून जळक्या तेलाचा धूर निघत होता.

"टर्बो गेला," जावई म्हणाला.

"गाढवा, टॅपेट कव्हर, इंजिनावरचं झाकण गळतंय. तेल तिथून टर्बोवर उतरतंय."

"मग लावा तुमची पावडर," जावई सगळ्यांदेखत म्हणाला. "टर्बो निघाला तर उद्यापासून घरी बसायचं. इथं पाय ठेवायचा नाही."

काउंटरवरची लेक बाहेर आली. उस्ताद "चालेल" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? या कामाशिवाय त्याच्यापाशी उरलं तरी काय होतं!

इंजिन चाललं, बंद केलं. उस्ताद वाकला. त्याला नुसतं पांढरं धुकं दिसलं.

"कुठं भिजली?"

"टर्बोवर," जावई म्हणाला. "कव्हर खडखडीत कोरडं आहे."

कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसू गिळलं.

"बाळा, तू बघून सांग."

लेक वाकली. तिला बराच वेळ लागला. नवरा आणि बाप यांच्या मधे रोज उभं राहून ती विटली होती, हे उस्तादाला कधी जाणवलंच नव्हतं. तोवर त्याचा हात चाचपडत कव्हरच्या मागच्या कडेला पोचला होता. तिथं बोट ओलं झालं. त्यानं ते नाकाशी नेलं. ताजं तेल होतं.

"टर्बोच आहे, बाबा," लेक म्हणाली.

काळंकुट्ट बोट सगळ्यांना दिसत होतं. जावयानं फडकं उचललं आणि कव्हरची कड स्वच्छ पुसली.

लेकीनं बापाचा दंड धरला. "चला, घरी सोडते."

उस्तादानं मान हलवली. मग ते बोट तिच्या पांढऱ्या बाहीवर, मनगटापासून कोपरापर्यंत, सावकाश पुसलं. तिनं हात मागं घेतला नाही.