शबानाची वेळ कमी होत नव्हती

सतराव्या वर्षीच शबाना संपली, असं आमच्या सरांनी सांगितलं होतं.

ती गेली गेल्या वर्षी. आजच्याच दिवशी.

वाघोलीतल्या अनेकांना ती शाळेतल्या पीटीच्या शेख मॅडम म्हणून माहीत असेल. माझी ती ग्राउंडवरची मैत्रीण. आम्ही दोघी आठशे मीटर धावायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कर्वेनगरहून सायकलवर यायचे, ती मंडईच्या मागून चालत. तिच्या अब्बांचा मंडईत फळांचा गाळा होता. प्रॅक्टिस संपली की ती डब्यातून पपईच्या फोडी काढायची.

"डाग पडला होता, म्हणून तुझ्या नशिबात आली," असं वर ऐकवायची.

चौदाव्या वर्षी ती राज्यात पहिली आली होती. पंधराव्या वर्षीही.

मग वेळ कमी व्हायचीच थांबली.

मेहनत तेवढीच, खाणंपिणं तेच, आणि घड्याळातला आकडाही तोच. उलट मी, कायम तिच्या मागे असणारी, दर महिन्याला थोडी थोडी पुढे सरकत होते.

त्या वर्षी राज्याच्या कॅम्पला आमच्या ग्राउंडवरून एकीलाच पाठवायचं होतं.

सर म्हणजे आमचे कोच. बोलायला तिरकस, पण धावणाऱ्याचं शरीर ओळखण्यात पक्के. एका संध्याकाळी अब्बा शबानाला न्यायला आले, तेव्हा सरांनी त्यांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे आम्हाला सगळं ऐकू येईल इतकंच.

मुलीची वाढ लवकर झाली, सर म्हणाले. जे यायचं होतं ते येऊन गेलं. आता कितीही पळवली तरी वेळ खाली येणार नाही. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, कॅम्पला हिला पाठवतोय, हिचं अजून यायचंय.

अब्बा नुसती मान हलवत राहिले. मग त्यांनी विचारलं, धावणं बंद करून हिला कॉम्प्युटरचा कोर्स लावू का? तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली तसले क्लास निघाले होते.

शबाना बुटांच्या नाड्या सोडत होती. तिचे हात थांबले. सोडलेली नाडी तिने पुन्हा बांधली.

"सर, वेळ कमी होणार नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग उद्या येते."

सरांचं बरोबर निघालं. दोघींच्याही बाबतीत.

कॅम्पमध्ये माझी वेळ झपाट्याने खाली आली. पुढच्या वर्षी मी राज्यात दुसरी. मग इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. मग कॅम्पस इंटरव्ह्यू, हिंजवडी, अमेरिका. धावणं कधी सुटलं ते समजलंही नाही. माझं 'अजून यायचंय' ते नेमकं किती होतं, हे कोणालाच कळलं नाही.

शबाना मात्र धावत राहिली. पूर्ण कॉलेजभर, आणि त्यानंतरही. मी तिकडून ईमेल करून विचारायचे, रेस कशी झाली?

सायबर कॅफेतून तिचं उत्तर यायचं, "मस्त. आठवी आले."

वेळ तीच. कधी जरा जास्तच.

मग बीपीएड करून ती वाघोलीच्या शाळेत लागली. आजूबाजूला सोसायट्या उठत होत्या, वर्गात पोरं मावत नव्हती. सकाळी शाळेआधी ती मुलींना पळवायची.

तीनेक वर्षांपूर्वी मी सुट्टीवर आले होते, तेव्हा एका सकाळी तिच्या मैदानावर गेले. एका मुलीचे वडील तिच्यापुढे मोबाइल धरून उभे होते. आयटीतलेच असावेत. लेकीच्या वेळांचा ग्राफ काढला होता. किती महिने झाले, रेष सपाट आहे मॅडम, म्हणाले. हिचा पीक पॉइंट येऊन गेला का? तसं असेल तर आत्ताच अभ्यासाचे क्लास लावलेले बरे.

"मला नाही सांगता येणार," शबाना म्हणाली.

ते गेल्यावर मी विचारलं, तुला खरंच कळत नाही?

"कळतं गं. बऱ्याचदा कळतं. सरांचं तरी कुठे चुकलं होतं?"

"मग सांगत का नाहीस?"

"बाप विचारतोय. पोरीने कुठे विचारलंय? ती विचारेल तेव्हा तिला सांगेन." मग म्हणाली, "सरांनी अब्बांना सांगितलं. मी तिथेच बसले होते."

इतक्या वर्षांत त्या संध्याकाळबद्दल ती एवढंच बोलली. आवाजात राग नव्हता.

मग मला ओढत ट्रॅकवर घेऊन गेली. अर्ध्या फेरीतच मला धाप लागली. ती माझ्या वेगाने, माझ्या बाजूने धावत राहिली.

मी कसंबसं विचारलं, वेळ कमी होत नव्हती, तर इतकी वर्षं कशासाठी धावलीस?



"शेवटच्या वळणावर बरं वाटायचं."

पुढच्या दिवाळीनंतर तिला ताप यायला लागला. रक्ताचा कॅन्सर निघाला. मी दोनदा येऊन गेले. हॉस्पिटलमध्ये तिच्या मुली यायच्या, ग्राउंडवरून तशाच, ट्रॅकसूटमध्ये. सपाट रेषेवाली ती मुलगीही त्यांच्यात होती. अजून धावत होती.

"अजून विचारलं नाहीये तिने," शबाना माझ्या कानात म्हणाली आणि हसली.

ते मी ऐकलेलं तिचं शेवटचं हसणं.

कोणी मला म्हणतं, धावणं सोडलं नसतंस तर कुठल्या कुठे पोचली असतीस. असेलही. मला त्याची हुरहुर वाटत नाही.

मला आठवते तिची वेणी.

आठशेच्या पहिल्या फेरीत मला दुसरं काही दिसायचंच नाही. पुढे ती वेणी, तिच्या पाठीवर इकडून तिकडे आपटणारी. तिच्याकडे बघत मी पाय टाकायचे. ज्या दिवशी पहिल्यांदा तिला मागे टाकलं, त्या दिवशी समोर नुसता रिकामा ट्रॅक होता आणि मला केवढा आनंद झाला होता.

आता ती वेणी पुढे हवी आहे गं.

मला मागेच राहायचंय.

शबाना, सावकाश जा.