तट्ट्याचा विहार आणि आमच्या मेणबत्त्या

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. चार बायांच्या हाती पेटती वस्तू द्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक बाई नेमा, मग किस्सेच किस्से! ती लक्ष ठेवणारी बाई मी.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. वडशाजवळच्या आमच्या वस्तीत महिला मंडळानं विहार उभा केला. बांबूचे तट्टे, वरून शेणमातीचं लिंपण, डोक्यावर तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, छप्पर. सगळं आमच्या हातचं. आणि आत, मूर्तीपुढे, रोज संध्याकाळी मेणबत्त्या! पलीकडच्या टोलीवरचं, म्हणजे छोट्या वस्तीतलं, एक घर मेणबत्तीनंच गेलं होतं. उद्या आपला विहार गेला तर पुन्हा बांधायची ताकद कोणात नव्हती. म्हणून मेणबत्तीची ड्यूटी मी अंगावर घेतली.

मी शाळेची पायरी चढले नाही. दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकले. मला कोणी अडाणी म्हणू नये, म्हणायचंच असेल तर तोंडावर म्हणावं. नियम मीच ठरवले. खाली थाळी, थाळीत पाणी. वात कातरून आखूड. तट्ट्यापासून लांब, वाऱ्यापासून लांब. पदर खोचलेला. वर गिलास उलटा धरून विझवल्याशिवाय उठायचं नाही. घरीही हेच. एवढंच तर होतं! पण सांगून सांगून माझा घसा बसला.

*

प्रमिलाच्या घरी लाइट गेली. नवऱ्याला रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या होत्या, पण अंधारात बटण सापडेना. हिनं काय करावं? मेणबत्ती पेटवून ट्रान्झिस्टरच्या डोक्यावरच चिकटवली!

सकाळी मी गेले, तर ट्रान्झिस्टर वितळून गुळाच्या ढेपेसारखा बसलेला.

"प्रमिला, थाळी नव्हती घरात?"

"होती न बाई. पण बातम्या पूर्ण झाल्या!"

*

देवका मात्र नियम पाळणारी. माझा शब्द खाली पडू देत नाही. एका संध्याकाळी तिच्या घरी गेले, तर अंधार गुडूप.

"काऊन व, मेणबत्ती नाई लावली?"

"लावली न."

"मंग कुठी हाय?"

"ढोलीत."

ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची कोठी, कमरेएवढी उंच. रिकामी होती, बुडाशी तणसाचा थर. त्या तणसावर थाळी, थाळीत पाणी, पाण्यात मेणबत्ती, वात कातरलेली!

"तुम्हीच म्हटलं न बाई, वाऱ्यापासून लांब ठेवजो. ढोलीत अजिबात वारा लागत नाई!"

मी वाकून मेणबत्ती काढली आणि तिथंच खाली बसले.

*

माझं कोणी ऐकत नाही, शिकलेल्या माणसाचं ऐकतील, म्हणून शाळेच्या गुरुजींना भाषणाला बोलावलं. शाल घालून सत्कार केला. गुरुजी मूर्तीच्या टेबलाकडे पाठ करून उभे राहिले आणि आधीच बजावलं, "मधात कोणी बोलायचं नाही. प्रश्न शेवटी!"

मी बाहेर मडकं भरत होते. आत आले तर सगळ्या बाया चिडीचूप, आणि कमल एकटी हात वर करून बसलेली.

गुरुजी म्हणाले, "शेवटी!"

कमलनं हात खाली घेतला. थोड्या वेळानं पुन्हा वर.

"सांगितलं ना, शेवटी!"

"थांबतो न गुरुजी," कमल म्हणाली, "पण शालीचा शेव जळून राह्यला, तो शेवटपर्यंत थांबन काय?"

अख्खं मडकं मी गुरुजींवर ओतलं. निथळत उभे राहिले बिचारे आणि म्हणाले, "हं, आता विचारा प्रश्न."

*

हिवाळ्यात आमच्याकडे नाटकांचा सीझन. जागा धरायला दिवस मावळताच मंडपात बोरे, म्हणजे रिकामी पोती, अंथरावे लागतात. त्या दिवशी विहारातली वंदना घाईघाईत झाली आणि सगळ्या पळाल्या. मंडपात बसल्यावर मला आठवलं. मेणबत्ती कोणी विझवली?

"पाणी पिऊन येतो," म्हणून उठले आणि धावत विहार गाठला. दारात प्रमिला! ती म्हणे, "मी मिरची आणाले चालली होती." मागून कमल, तिची म्हणे चप्पल राहिली होती. दोन्ही चपला पायात! शेवटी धापा टाकत देवका.

आत पाहिलं तर मेणबत्ती विझलेली, वात थंड.

"मीच इझवली होती, निघता निघता," देवका म्हणाली.

"मंग तू काऊन आली व?"

"मले माह्यावर भरवसा नाई न बाई!"

परत गेलो तर आमच्या बोऱ्यांवर दुसऱ्याच बाया पसरलेल्या. नाटक खांबाआडून उभ्यानं पाहिलं. पाय दुखले ते वेगळं.

*

कौतिकाआजीचं मात्र माझ्याच्यानं काही होईना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काडी ओढायची एकीकडे, वात दुसरीकडे, पदर तिसरीकडे. एकदा लुगड्याचा काठ जळला, एकदा काडी तट्ट्याशी पडली. मी स्पष्ट सांगितलं, "आजी, यापुढं तुम्ही पेटवायची नाई. तुमची मी लावीन."

"तू लावशील ते तुह्यी होईन. माह्यी कशी होईन व?"

"विहार जळला तर तुमचीही नाई न माह्यीही नाई!" आणि काडीपेटी काढून मी कमरेला खोचली.

आजी उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी आली. थाळी ठेवली, बोट बुडवून पाणी पाहिलं. मेणबत्ती उभी केली, वात चाचपून कातरली. तट्टा किती लांब आहे ते हात पसरून मोजलं. पदर खोचला. काडीपेटी माझ्या कमरेलाच होती.

मग न पेटलेल्या मेणबत्तीपुढं हात जोडून तिनं पूर्ण वंदना म्हटली, एक शब्द न गाळता. बाया बघत होत्या. मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

वंदना झाली. आजीनं थाळीजवळचा गिलास उचलला, मी शिकवलं होतं तसा मेणबत्तीवर हळूच उलटा धरला, आणि धूर बसेपर्यंत थांबावं तशी थांबली. गिलास काढला. माझ्याकडे तोंड करून म्हणाली,

"इझली का व? नीट पाहून घे, मंग जाऊ."

मी गुडघ्यावर टेकून मेणबत्तीजवळ वाकले. नीट पाहिलं.

"इझली आजी," म्हटलं, "चला."