तिसऱ्या वर्षीचे पाहुणे

राजूरच्या आमच्या फुटबॉल संघाला नवे सर मिळाले आणि त्यांनी सगळ्यात आधी मलाच घरी बसवलं. कित्येक वर्षं गोलात मी उभा राहत होतो. "तुमचे गुडघे गेले. आता पोरं घडवा," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. माझ्या जोडीचे सगळेच त्यांनी काढले आणि खाणीच्या वसाहतीतली कोवळी पोरं घेतली. संघाच्या समितीकडे त्यांनी तीन वर्षं मागितली. तोवर हराल, हेही तोंडावर सांगितलं. समितीने माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं?

मग आम्ही हरायला लागलो. वणीत हरलो, यवतमाळला हरलो, आणि घरच्या मैदानावर तर असे हरलो की पानठेल्यावर जायची सोय उरली नाही. "तुमचे सर पोरायले नुसते पळवून राह्यले. गोल कधी मारतीन?" हे मलाच ऐकावं लागायचं, कारण सरांची बाजू घेणारा मी एकटाच होतो. ज्याला काढलं तोच वकील! बायको म्हणायची, "तुमाले काय पडलं हो त्याचं?" पडलं होतं. रोज संध्याकाळी ती पोरं मान वर करून, मोकळा कोण आहे ते पाहून पास देताना मला दिसत होती. आम्ही जन्मात तसे खेळलो नव्हतो. आम्ही लांब मारायचो आणि मागे धावायचो.

तिसऱ्या वर्षी घरच्या स्पर्धेत पोरं जिंकली. एक सामना, मग दुसरा, मग उपांत्य फेरीसुद्धा. मी गुडघे विसरून नाचलो. आणि नेमका तिथेच घात झाला. कप समोर दिसला तशी समितीच्या तोंडाला पाणी सुटलं. आमच्या स्पर्धेत अंतिम सामन्याला बाहेरचे तीन खेळाडू घ्यायची रीत आहे. त्यांना पाहुणे म्हणतात. आम्ही हरत होतो तेव्हा पाहुण्यांचं नावही कोणी काढलं नव्हतं. आता नागपूरहून तिघं आले, तेही खास गाडीने.

मी समितीच्या अध्यक्षांना गाठलं. "भाऊ, हे पोरं सोताच्या दमानं आले इथवरी. त्याइलेच खेळू द्या ना."

"पोरं पुढच्या साली खेळतीन. कप काय थांबते का त्याइच्यासाठी?"

सर म्हणाले, "माझ्या हाताने मी एकालाही बसवणार नाही." तेव्हा अध्यक्षांनी स्वतःच आमच्या तिघा पोरांना बाहेर बसवलं.

पाहुणे चांगले होते, त्यात वाद नाही. पण ते आपसातच खेळत राहिले, आणि आमची पोरं मोकळ्या जागेत हात वर करून धावत राहिली. चेंडू काही त्यांच्याकडे आला नाही. दोन गोलांनी हरलो. पाहुणे लगेच गाडीत बसून गेले, आणि अध्यक्ष सगळ्यांसमोर सरांना म्हणाले, "तीन सालं देल्ली तुमाले. बस झालं आता."

मी अध्यक्षांच्या अंगावर धावून गेलो. चौघांनी मला धरलं म्हणून ते वाचले. मला राग कमी आणि रडू जास्त येत होतं. सर वाद घालत बसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्याचा सराव चुकू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. सगळी पोरं आली होती, बसवलेली तिघंही. कोणी न सांगता रिंगण करून उभी राहिली. एकाने विचारलं, "काका, सर कधी येतीन?"

तीन वर्षं मी साऱ्या गावाला "थांबा, जरा थांबा" म्हणून भांडलो होतो. त्या पोरांना मात्र मी ‘थांबा’ म्हणालो नाही; चेंडू उचलला आणि रिंगणाच्या मध्ये टाकला.