गोदामातल्या टिपऱ्या

टिपरीबाई आम्हाला नाच शिकवताना आमच्याकडे पाठ करून बसत. "डोये फसवतेत, कान नाय फसवत," असं त्यांचं म्हणणं. आठ पोरी, चार जोड्या. एखादीची टिपरी जराशी मागेपुढे पडली तरी बाई न वळता तिचं नाव घेत.

बाजारहत्नूरला आमचं कापसाचं गोदाम होतं. कापूस येईपर्यंत ते रिकामंच, म्हणून बाबांनी ते बाईंना वापरायला दिलेलं. मी तेव्हा भारीच बुजरी. दुकानात गिऱ्हाईक आलं की पोत्यांमागे दडायची. पण बाईंच्या नाचात दर फेरीला जोडीदारीण बदले, त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांसमोर यावंच लागे. "तोंडानं नाय बोलत तं टिपरीनं बोल," त्या मला म्हणत. दोन महिन्यांत मी शाळेतही बोलू लागले, आणि आईला बाईंचं किती कौतुक करू असं झालं.

मग बाईंनी नववी म्हणून जंगूला आणलं; दर फेरीला एकीनं बाहेर थांबायचं. गावाबाहेरच्या गोंडांच्या वस्तीतली, माझ्याच वर्गातली. आमच्या घरी तिच्या माणसांना भांडं न देता पाणी वरून ओंजळीत ओतत. फेरीत ती माझ्यासमोर आली आणि मी टिपरी मागे ओढली. हाताला हात लागणार नव्हता, नुसतं लाकडाला लाकूड लागणार होतं. तेही मला नको झालं.

"एक ठोका गेला. कोनाचा?" बाईंनी विचारलं.

"जंगूचा," मी म्हणाले.

जंगूची टिपरी अजून हवेतच होती. बाईंनी तिला खांबावर सराव करायला लावलं. चार दिवस ती एकटीच खांबाशी ठोके देत होती, पाचव्या दिवशी आली नाही. मी मात्र शाळेच्या संमेलनात नाचले, टाळ्या घेतल्या. बाईंमुळे बोलायला शिकलेली मी, वर्गात जंगूशी एक शब्द बोलले नाही. त्याची लाज अजून जात नाही.

लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मावला गावी बाईंच्या घरी गेले. चहा झाल्यावर सगळं सांगून टाकलं. वाटलं, त्या रागावतील आणि मला जरा हलकं वाटेल.

"मालूम होतं मले," त्या म्हणाल्या. "खांबावर तिचा एक बी ठोका चुकला नाय."

"मंग मलेच काऊन ठेवलं, बाई?"

"गोदाम तुया बापाचं होतं, पोरी."

मी कपबशा उचलून आत ठेवल्या. बाहेर येऊन पाहिलं, तर बाई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या.