अतिथींनी वाद्यांना हात लावू नये

मीरा रोडच्या ज्या हॉलमध्ये एरवी लग्ने लागतात, तिथे मागच्या हिवाळ्यात वाद्यांचे प्रदर्शन भरले होते. पेटीवाले, तबलेवाले, गिटारवाले आपापला माल घेऊन लांबून लांबून आले होते. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘वाजवून पाहा, मगच घ्या’. त्याच्या खाली, जरा लहान पण ठळक अक्षरांत, ‘अतिथींनी वाद्यांना हात लावू नये’. दोन्ही सूचना एकाच आयोजकाच्या होत्या आणि दोन्ही काटेकोर पाळल्या जात होत्या. कोणाला कोणती लागू, हे गळ्यातल्या बिल्ल्यावरून ठरत होते.

व्यापाऱ्याला निळा बिल्ला, कलाकाराला पिवळा, पत्रकाराला लाल आणि उरलेल्यांना पांढरा. पांढऱ्यावर ‘अतिथी’ असे छापले होते. हा शब्द इतक्या कमी मानाने वापरलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

माझी मोठी बहीण तिथे पेटी घ्यायला आली होती. गिरगावातून सिल्व्हर पार्कात आल्यापासून ती सोसायटीच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. अलीकडे तिच्या उजव्या हाताच्या बोटांचे सांधे सुजू लागले होते. जुन्या पेटीच्या पट्ट्या जड. नवघरच्या दुरुस्तीवाल्याने आतल्या स्प्रिंगा सैल करून दिल्या, पण मग दाबलेली पट्टी वेळेवर वर येईना आणि सूर रेंगाळू लागला. मंडळाच्या ते लक्षात आले. दोष पेटीचा की बोटांचा, याची चौकशी कोणी केली नाही, कारण सोसायटीच्या सेक्रेटरीच्या सुनेने नुकताच कीबोर्ड घेतला होता. त्यात ठेकाही तयार होता आणि टाळही. मंडळाच्या अध्यक्षबाई एकदा भजन संपल्यावर प्रसाद वाटता वाटता बहिणीला म्हणाल्या, “ताई, किती वर्षं हो तुम्ही वाजवताय. आता जरा मागे बसून गाण्याचा आनंद घ्या ना.”

बहीण बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली असल्याने अशा गोड भाषेचा अर्थ तिला ताबडतोब कळतो. हलक्या पट्टीची पेटी मिळाली तर तिची जागा राहणार होती. ती मिळाली नाही, किंवा बोटे मंडळाच्या नजरेस पडली, तर कीबोर्ड पुढे आणि ती मागे. बोटे तिने तोवर कोणाला दाखवली नव्हती. वाजवून झाले की तिचा उजवा हात पर्समध्ये काहीतरी शोधू लागे.

नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीला तिने सांगितले, “मी पेटी वाजवते. कलाकाराचा बिल्ला द्या.”

“आंटी, आर्टिस्ट के लिए पेज की लिंक लगेगी.”

“कसलं पेज?”

“आपका चॅनल, रील, कुछ भी.”

“तसलं काही नाहीये. पण वाजवतेय मी कॉलेजात होते तेव्हापासून.”

“हां आंटी, पर किधर?”

“सिल्व्हर पार्कात.”

मुलीने पांढरा बिल्ला पुढे केला. मला एकही वाद्य वाजवता येत नाही. ज्या वर्तमानपत्रात मी काम करत असे, त्याच्या कुठल्यातरी जुन्या यादीत माझे नाव शिल्लक होते. त्यामुळे मला लाल बिल्ला, चहाचे कूपन आणि एक पेन मिळाले.

आत गेल्यावर पाहुण्याकडे बघण्याची एक ठरलेली रीत दिसली. स्टॉलवाल्याची नजर आधी छातीवरच्या बिल्ल्यावर जाई, मग चेहऱ्यावर, आणि बिल्ला पांढरा असेल तर चेहऱ्यापर्यंत पोचतही नसे. बायकांच्या बाबतीत हे कसे दिसते, याचा विचार आयोजकांनी केला नसावा. निळ्या बिल्ल्याला खुर्ची आणि सुका मेवा. पिवळ्याला वाद्य हातात आणि वर आग्रह. पांढऱ्याला माहितीपत्रक, तेही घडी न उलगडता परत ठेवले तर बरे, अशा बेताने.

फोटोंचे नियमही असेच होते. प्रत्येक स्टॉलवर कॅमेऱ्यावर फुली मारलेली पाटी होती, कारण शेजारचा कारखानदार नक्षी उचलेल अशी भीती प्रत्येकाला होती. आणि प्रत्येक पाटीशेजारी स्टँडवर लावलेला गोल दिवा होता, ज्याच्या उजेडात स्टॉलवाले स्वतः पाहुण्यांची चित्रफीत काढत होते. पाहुण्याने काढला तर चोरी, पाहुण्याचा काढला तर जाहिरात.

लोकांनी या व्यवस्थेला पूर्ण सहकार्य दिले. लग्नासाठी उभारलेली फुलांची कमान हॉलमध्ये तशीच राहिली होती, तिच्याखाली रांग होती. एका गृहस्थांनी तिथे शोभेला ठेवलेली सतार गिटारसारखी आडवी धरून फोटो काढून घेतला. दुसऱ्यांनी शहनाई ओठांपासून अंतर राखून धरली आणि गाल मात्र फुगवले. त्यांची बायको म्हणाली, “अहो, डोळे मिटा जरा. वाजवल्यासारखं वाटू दे.”

बहिणीला हवी तशी पेटी हॉलच्या टोकाच्या एका स्टॉलवर असल्याचे आम्हाला दुसऱ्या एका दुकानदाराने सांगितले होते. तिथे गेलो तर पुढेच चौरंगावर एक सुरेख पेटी, पितळी कडा, वर मोगऱ्याचा गजरा. तिच्यासमोरही रांग. एक कुटुंब आटोपत होते. आजोबांनी भाता हलवला, नातीने पट्ट्या दाबल्या, आईने फोटो काढला, सगळे समाधानाने उठले. बहीण बसली. तिने भाता ओढून एक पट्टी दाबली, मग शेजारची, मग सगळा पंजा ठेवला. आवाज आला नाही. हॉलमध्ये पंधरा जण एकदम काहीबाही वाजवत असल्याने आधीच्या कुटुंबाला हे कळायचे कारण नव्हते.

“ही वाजत नाहीये,” ती स्टॉलवरच्या माणसाला म्हणाली.

“नहीं बजेगी आंटी. वो फोटोवाली है. अंदर सूर नहीं है.”

“मग ठेवलीय कशाला?”

“पब्लिक हाथ लगाती है ना. असली खराब होती है.” त्याला प्रश्नच समजला नव्हता. “आपने फोटो लिया क्या? पीछे लाइन है.”

खरी पेटी आतल्या बाजूला, दोरीपलीकडे होती. बहिणीने ती बघायला मागितली. माणसाने तिच्या बिल्ल्याकडे पाहून माहितीपत्रक दिले. त्याच वेळी मालकांना माझा लाल बिल्ला दिसला आणि दोरी निघाली.

“आवो साहेब, आवो. चाय लोगे?”

पेटी मला नको, हिला हवी आहे, असे सांगितल्यावर त्यांचा आवाज किंचित उतरला. तरी त्यांनी सावरून घेतले. “बेन, बेसो. मीडियावाले साथ में है तो अच्छा सा वीडियो बनाते हैं.” आणि स्टॉलचे रील काढणाऱ्या मुलीला हाक मारली. मुलगी मराठी होती, चटपटीत होती, आणि गोल दिवा घेऊन आली.

बहिणीने एक पट्टी दाबली. त्या एका पट्टीत तिला हवे ते कळले असावे, कारण तिने मान वर केली नाही. बोट नुसते ठेवले की सूर निघत होता आणि उचलले की थांबत होता. पण एका पट्टीवर पेटी घेता येत नाही. बोटे अवघडतात ती थोडा वेळ वाजवल्यावर, म्हणून तिला सावकाश, सलग वाजवून बघायचे होते. तेवढ्यात दिवा तिच्या उजव्या हातावर आला आणि मोबाइल पट्ट्यांना टेकेल इतका जवळ.

“बोटांचा नको काढू, बाळा. चेहऱ्याचा काढ हवा तर.”

“मावशी, बोटांचंच चालतं. चेहऱ्याला व्ह्यूज नाहीयेत.”

“मला नकोय म्हटलं ना.”

“अहो, क्यूट दिसतायत. आजीची बोटं, असं काहीतरी टाकते मी वर. लोक इमोशनल होतात.”

बहिणीने मालकांकडे पाहिले. मालकांनी हात जोडले. “बेन, जो बजाता है उसका वीडियो बनता है. सबका बनता है. हमारा सिस्टम है.”

उठून जाणे सोपे होते. पण मग पेटीही तिथेच राहिली असती. उलट ते रील निघाले असते तर ते सोसायटीच्या ग्रुपवर यायला कितीसा वेळ लागला असता? मीरा-भाईंदरमध्ये निघालेले कोणतेही रील आधी सिल्व्हर पार्कात पोचते. सुजलेली बोटे, वर अश्रूंची चित्रे, खाली अध्यक्षबाईंचे जोडलेले हात. त्यानंतर कोणाला काही बोलावेही लागले नसते.

बहिणीने पाठीवरचा पदर उजव्या बाजूने पुढे घेतला, पट्ट्यांवर पसरला, हात त्याखाली घातला आणि वाजवायला सुरुवात केली.

मुलीने मोबाइल मागे घेतला. “मावशी, पदर जरा सरकवा ना.”

“पदराखालचं दाखवत नसतात, बाळा.”

एवढे बोलून तिने संथ चाल धरली. फोटोच्या रांगेतले लोक वळले. एक काका म्हणाले, “अरे, बघ बघ, न बघता वाजवतायत.” दुसऱ्याने मोबाइल काढला, मग तिसऱ्याने. कॅमेऱ्यावर फुली मारलेल्या पाटीखाली दहा-बारा हात वर झाले आणि कोणी त्यांना हटकले नाही. शेजारच्या स्टॉलवरचा पिवळ्या बिल्ल्याचा तरुण वादक गिटार थांबवून बघायला आला. मुलीने दिवा पदरावर धरला. पदर हलत होता आणि त्यातून सूर येत होते, यात बघण्यासारखे जे काही होते ते सगळे मोबाइलमध्ये गेले. मध्ये दोनदा बोट अडखळले. ते ऐकू कोणालाच आले नाही, कारण ऐकत कोणी नव्हते.

पेटी पसंत झाली. उठण्याआधी बहिणीने पेटीच्या आतल्या सुरांच्या फळीचा एक फोटो काढायला मोबाइल काढला. नवघरच्या दुरुस्तीवाल्याला तो दाखवायचा होता, म्हणजे पुढे काही बिघडले तर त्याला हाताळता येईल.

“बेन, फोटो नहीं,” मालक म्हणाले. “कॉपी हो जाता है.”

“माझा एवढा काढलात, तो?”

“वो तो प्रमोशन है.”

पेटी तिने तरीही घेतली. मालकांनी दोरीपर्यंत पोचवायला येऊन तिला पुन्हा एकदा हात जोडले आणि मला मात्र हॉलच्या दारापर्यंत सोडले.

रिक्षा सिल्व्हर पार्काच्या नाक्यावर यायच्या आतच तिचा मोबाइल वाजू लागला. ग्रुपवर रील आले होते. त्यावर लिहिले होते, ‘पदराआडची जादू, एकदा बघाच’. अध्यक्षबाईंचा फोन आला तेव्हा पेटी आमच्या दोघांच्या मध्ये होती आणि बोलणे मला स्वच्छ ऐकू येत होते.

“ताई, किती लपवून ठेवलंत हो. तुम्हाला न बघता येतं वाजवता?”

“येतं थोडंफार.”

“थोडंफार कसलं. ग्रुपवर बघा काय चाललंय. डोंगरीच्या देवळात आपला कार्यक्रम आहे ना, तिथे असंच करायचं हं. मी शाल आणते छानशी.”

पेटी वाजवणारा पट्ट्यांकडे बघत नाही, वर्षानुवर्षे शेजारी बसूनही हे मंडळाच्या ध्यानात आले नव्हते. ते कळायला त्यांना पदर लागला. मागे बसून आनंद घेण्याचा विषय त्या फोनमध्ये निघाला नाही, पुढेही निघाला नाही.

भाईंदरजवळच्या डोंगरीला मंडळ बसने गेले. देवळाच्या सभामंडपात बायकांनी आधी शालीचा फोटो काढला, मग शाल पांघरलेल्या पेटीचा, मग शाल, पेटी आणि अध्यक्षबाई असा. सूचना देणाऱ्या गृहस्थांनी ध्वनिक्षेपकावरून ‘आच्छादित हार्मोनियम’ अशी घोषणा केली. सेक्रेटरीच्या सुनेला कीबोर्डवर फक्त ठेका धरायला सांगण्यात आले होते. तिला ते फारसे आवडले नसावे, पण शाल नीट लावायचे काम तिच्याकडेच आले, कारण ती शेजारी बसली होती.

मी मंडपाच्या खांबाला टेकून जवळच उभा होतो. शाल उचलून पट्ट्यांवर घालताना सुनेला बहिणीचा हात दिसला. शाल तिने अर्ध्यावरच धरून ठेवली. तर्जनी आणि मधले बोट सरळ होत नव्हते, हे इतक्या जवळून कोणालाही कळले असते. समोर दहा-बारा मोबाइल रोखलेले होते, त्यांना अजून फक्त शाल दिसत होती.

“काकू,” ती हळू आवाजात म्हणाली, “हे कधीपासून?”

“झालं बरंच.”

“मग मला सांगायचं ना. जलद चाल मी घेतली असती.”

“ग्रुपवर टाकलं असतंस.”

सुनेने थोडा विचार केला.

“टाकलं असतं,” ती म्हणाली, आणि शालीचे टोक पेटीच्या कडेखाली घट्ट खोचले.