पांगाऱ्याच्या पानातले पानगे

चिखलीच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणजे झाडांची लॅटिन नावं पोरांकडून पाठ करून घेतो. प्रत्यक्ष झाड समोर आलं, तर ओळख दाखवायची जबाबदारी झाडाची.

मेहकरकडची माझी सासुरवाडी मोठी मर्यादेची. जावई चुकत नसतो, हा तिथला कायदा. घरात सगळे एकमेकांवर मनसोक्त ओरडत, माझ्याशी मात्र तहसीलदाराशी बोलावं तसं बोलत. सहा वर्षं मला पाटावर बसवून वाढत होते. त्या पाटाचा मला वीट आला होता. आपल्यालाही कुणी ओरडावं, एवढीच माझी इच्छा.

म्हणून यंदा दिवाळीनंतर शेतात पानग्यांचा बेत ठरला, तेव्हा पळसाची पानं मीच आणतो म्हणालो. कणकेच्या जाड गोळ्याला खालीवर पळसाचं पान लावायचं आणि गवऱ्यांच्या विस्तवात भाजायचं, की झाला पानगा. पळसाला पानं तीन, हे शेंबडं पोरही सांगेल. बांधावर तीन-तीन पानांचं झाड दिसलं, टोपलंभर ओरबाडलं. बोटांत काटे मोडले. पळसाला काटे नसतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण शेजारच्या बोरीला दोष दिला आणि निघालो.

सासऱ्यांनी टोपल्यात पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. मेहुण्याला खोकला आला. सासूबाई म्हणाल्या, "लय पानं आनले जावईबापूनं." आणि त्याच पानांत सगळे पानगे लावले! जावयाला चुकलात म्हणण्यापेक्षा कणीक जाळलेली बरी.

पानं पांगाऱ्याची होती. पातळ. विस्तवात पडताच जळाली आणि राख कणकेला चिकटली. पहिला पानगा रीतीप्रमाणे मला, शेतातही सोबत आणलेल्या पाटावर. दातांत राख करकरत असताना मी म्हणालो, "छान झालाय."

तेव्हा मात्र सासूबाईंचा तोल गेला. "काय छान झाला? डोये फुटले का तुमचे? पांगारा हाय हा! पोराइले काय शिकवता मंग? उठा, चाला माह्या संगं!"

सासऱ्यांचा चेहरा पडला. मी सासूबाईंच्या मागे बांधावर गेलो. त्यांनी पळसाचं पान माझ्या हातात दिलं. जाड, खरखरीत, दुमडलं तरी फाटेना.

"हे पाह्य. हात लावला का कयते तुले," त्या म्हणाल्या. 'तुम्ही' म्हणायचं विसरल्या होत्या.

परत आल्यावर त्यांनी पाट उचलून बाजूला ठेवला आणि मला विस्तव फुंकायला बसवलं. सगळ्यांच्या शेवटी, ढेकळांत मांडी घालून जेवलो. इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं.